पूर्णेवरची भरधाव मोटार अन् माही लग्नपत्रिका

संपादकांचं पत्र आलं का, "मिस्तरी, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा." आमच्या हिनं ते वाचलं अन् मले म्हणे, "अनुभव म्हाताऱ्यायनं लिहायचे असतात. तुमी तोंडानं आवाज काढता, तेच लिहून पाठवा." तर मंग तेच लिहून राहिलो. वाचणाऱ्यानं आवाज आपापल्या तोंडानं काढून घ्यावा.

मले अकोल्यात भोंगा मिस्तरी म्हणतात. हे नाव गॅरेजातलं नाही, बार्शीटाकळीच्या शाळेतलं आहे. पाचवीत असताना मी खिडकीखाली दडून कापसाच्या जिनाच्या भोंग्याचा असा काही आवाज काढला का गुरुजीनं घड्याळ न पाहता शाळा सोडून दिली. दुसऱ्या दिवशी खरा भोंगा वाजला तवा गुरुजी माह्या पाठीवर वाजून राहिले होते. पण कान तयार झाला तो झाला. सातवी पास झालो अन् अमरावतीले मोटारस्टँडच्या मागं एका उस्तादाच्या हाताखाली लागलो. उस्ताद म्हणे, "इंजिन बोलते, तू ऐकत जाय." मी ऐकलं, वर त्याची नक्कलही करू लागलो. उस्तादानं त्याच्यासाठी दोनदा पाना फेकून मारला अन् तिसऱ्यांदा गिऱ्हाईकासमोर म्हणे, "भोंगे, साहेबाले खराब बेअरिंग ऐकव."

लोकायले वाटते का मिस्तरी हातानं काम करते. हात तर शेवटी लागतात. पयले विचारावं लागते का दुखते कुठं, अन् मोटारवाल्याले ते सांगता येत नाही. एक वकीलसाहेब आले होते, मोटार घरी ठेवून, हातात काठी. म्हणे, "आवाज करते." म्हटलं, "कोणता? खुळ्ळ खुळ्ळ, का चिर्र चिर्र, का टक् टक् टक्?" ते म्हणे, "यातला नाही." म्हटलं, "मंग तुमी काढून दाखवा." साहेबायनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, कोट सावरला, अन् भर रस्त्यावर सुरू झाले, "घर्र... घर्र... टक्! घर्र... टक्!" म्हटलं, "टक् चढावर वाढते?" त्यायनं चढावरचाही काढला! गाल लालभडक, पगडी तिरपी. कोर्टात ज्यांच्यापुढं साक्षीदार चळाचळा कापत, त्यांच्या मोटारीचं दुखणं मी तिथंच बसल्या बसल्या ओळखलं. पंख्याचं पातं वाकून जाळीले घासत होतं. घरी जाऊन पाह्यलं, बोटानं सरळ झालं. साहेब अजूनही रस्त्यात भेटले का माह्याकडं पाहत नाहीत.

अशा गोष्टी शंभर आहेत अन् सगळ्यायत मी हुशार आहे. पण जी सांगायले बसलो, तिच्यात मी अर्धाच हुशार आहे.

लढाई संपल्यावर फौजेचं उरलंसुरलं सामान लिलावात निघालं. कोणी तंबू घेतले, कोणी बूट घेतले. हसनभाई बागवानानं नावेची मोटार घेतली. हसनभाई म्हणजे शेंदूरजनाघाटची संत्री अकोल्याले आणून विकणारा माणूस, पण पावसाळ्यात पूर्णेच्या घाटावर त्याची नाव चाले. वल्हे मारून मारून त्याचा नावाडी सुदाम भोई वाकला होता, म्हणून ही हौस.

ज्यानं अशी मोटार पाह्यली नाही त्याच्यासाठी सांगतो. ती नावेच्या आत बसत नाही. मागच्या फळीले बाहेरून आवळून लटकवतात. वर इंजिन, मधात लांब दांडा, खाली पाण्यात पंखा. डोक्यावरच्या चाकाले दोरी गुंडाळायची अन् हिसका द्यायचा. रस्त्यावरच्या मोटारीले क्लच असते, म्हणजे इंजिन चालू ठेवून गाडी उभी राहू शकते. हिले क्लचगिच काही नाही. इंजिन फिरलं का पंखा फिरला, पंखा फिरला का नाव निघाली. म्हणून हिची हळू चाल एकदम हळू पाहिजे. घाटाले लागताना हळू, माणसं चढताना हळू. तिथं चाल वाढली का मंग नाव राहत नाही, उधळलेला गोऱ्हा होते.

उन्हाळ्यात हसनभाईनं ती माह्याकडं आणली तवा तिचा रंग गेला होता, अन् आत कोणत्या देशाची रेती होती कोण जाणे. मी सगळी खोलली, धुतली, बसवली. पाण्याच्या पिंपात उभी करून चालू केली. अहाहा! पुट्... पुट्... पुट्... जेवण झालेला जाडा मामा पायऱ्या उतरते ना, तशी. मी तो आवाज त्याच दिवशी घशात बसवून घेतला. संध्याकाळी हिले ऐकवला तर ही म्हणे, "जेवता जेवता नोका काढू."

एक बारीक गोष्ट त्या वेळी बारीकच वाटली होती. कारबुरेटर जिथं इंजिनले जोडतात त्या सांध्यात पॅकिंग लागते, म्हणजे हवा आत जाऊ नये म्हणून दोन लोखंडायच्या मधात घातलेला पातळ पुठ्ठा. जुनं फाटलं होतं. अस्सल भेटणार कुठं? माह्या लग्नाच्या पत्रिका उरल्या होत्या, चांगल्या जाड, गुळगुळीत. एक घेतली, सांध्यावर धरली, हातोडीनं हळू हळू ठोकून कडा उमटवल्या, कातरीनं कापली. फिट्ट! आमच्याकडचा कोणताही मिस्तरी हेच करते. कोणी सिगारेटच्या खोक्याचं करते, कोणी वहीच्या पुठ्ठ्याचं. मी लग्नाचं केलं.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी या.

मी पूर्णेच्या पलीकडच्या गावात पिठाच्या चक्कीचं इंजिन दुरुस्त करायले गेलो होतो, अन् मागं परतीचा पाऊस आला. नदी अशी फुगली का एरवी बैलगाडी जाते तो उतार दिसेनासा झाला. दोन दिवस मी तिकडंच अडकलो. लग्नानंतरचा पयला दसरा अन् बायको अकोल्यात! पण माह्याहून मोठं दुःख घाटावर बसलं होतं. अनुसयाबाई माळीण. नवरा पाय मोडून घरी, अन् बाईनं एकटीनं अख्खं वावर झेंडू लावलेला. दसऱ्याचा झेंडू दसऱ्यालेच जाते. एकादशीले त्याले गाय विचारत नाही. पहाटेपासून तोडून चाळीस टोपले तिनं घाटावर आणून मांडले होते. सगळा घाट पिवळा अन् केशरी, अन् त्याच्या मधात ही बाई डोळ्यावर हात धरून अकोल्याच्या दिशेनं पाहत बसलेली.

"येतो म्हने हसनभाई मोटारीची नाव घेऊन," बाई म्हणाली. "तुले काय वाटते रे बावा, येईन?"

म्हटलं, "काकू, ती मोटार माह्या हातची आहे! येईन म्हणजे काय, मामा उतरते तशी येईन. ऐका." अन् मी घाटावरच्या सगळ्यायले पुट्... पुट्... पुट्... करून दाखवलं. लेकरं हसली, म्हातारे हसले, काकूही थोडी हसली. तितक्यात पलीकडून खरा आवाज आला.

फर्रर्रर्रर्र!

मी म्हटलं, "मधात धार आहे ना, म्हणून जोरात. आता पाहा, काठाशी हळू होईन." नाव अर्ध्यात आली. "आता होईन." नाव जवळ आली. सुदाम मागं हँडल दाबून लाल झाला होता, हसनभाई पुढं उभा राहून दोन्ही हात हलवून राहिला होता, अन् मी अजून म्हणूनच राहिलो होतो, "आता पाहा..."

धाड! नाव घाटाच्या दगडावर चढली. हसनभाई टोपल्यायवर येऊन पडला, झेंडूत गळ्यापर्यंत. दाढीत पाकळ्या. त्यातून त्यानं मले पाह्यलं.

"अबे भोंगे! तू यहाँ है? ये मोटार है के भूत? हौले बोलो तो भी भागती, हँडल बंद करो तो भी भागती!"

लोक म्हणाले, जाऊ द्या, भरा टोपले अन् चला. दहा टोपले भरले. सुदामनं दोरीले हिसका दिला. तो बसायच्या आधीच नाव उडाली, तो आडवा, मागचे दोन टोपले पाण्यात. सुदामनं पडल्या पडल्या मोटार बंद केली अन् दोर धरून आमी नाव कशीबशी ओढून आणली. पण ते दोन टोपले गेले. तपकिरी पाण्यावर केशरी फुलं पसरत पसरत खाली वाहत गेली. अनुसयाबाईनं बाकीचे टोपले मोजले.

हसनभाई म्हणे, "मैं नहीं भरता. मोटार जल्दी बंद करूँ तो धार खाली ले जाती, बाभळी में. देर से करूँ तो पत्थर पे. फूल भी जायेंगे, आदमी भी."

त्या पुरात वल्हे चालणारे नव्हते, म्हणजे मोटार हळू झाली तर झेंडू अकोल्याले, नाही तर पूर्णेले. अन् दिवस कलायले चार तास.

मले तर अंगात आलं! हत्याराची पेटी माह्याजवळच होती. नाव दोन दोरांनी बाभळीले करकचून बांधायले लावली, म्हणजे मोटार चालू राहिली तरी जाणार कुठं?

जुन्या मोटारीची हळू चाल वाढली तर शोधायचं काय? इंजिन नुसतं पेट्रोल पीत नाही, हवेत मिसळून पिते. कारबुरेटर ते मिसळून देते. हँडल बंद केलं का आतली झडप लागते अन् हवेले जायले एक बारीकशी फट राहते. तेवढ्यावर इंजिन हळू चालते. फट किती ठेवायची ते एक स्क्रू ठरवते. म्हणून पयला संशय स्क्रूवर. मी स्क्रू पूर्ण मागं घेतला. फर्रर्र! काही फरक नाही. दुसरा संशय, झडपच पूर्ण लागत नसन. झडपेच्या दांडीवरचं झाकण उचललं अन् माहे डोळे चमकले.

आत शेंदूर!

थर होता थर. दांडीच्या सांध्यात, कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, वेटोळ्यायत, तेलात कालवलेला, वाळून दगड झालेला. सुदाम दर शनिवारी मारोतीले लावते अन् मंग तोच हात मोटारीले लावते. पाण्यावर उडी मारून जाते ती मोटार, मंग त्याच्या लेखी ती मारोतीच.

मले गिऱ्हाईक भेटलं! मी बोट वर करून ओरडलो, "शेंदूर! शेंदूर! शेंदूर!" अन् सुदामची नक्कलच लावली. पाठ वाकवून, डोळे मिटून, एका हातानं नाक धरून दुसऱ्यानं मोटारीले शेंदूर फासणारा सुदाम. घाट पोट धरून हसला. हसनभाई म्हणे, "सुदाम, तूने मेरी मोटार को देव बना दिया!" सुदाम हसला नाही. पन्नाशीचा माणूस, मान खाली घालून उभा राहिला.

म्हटलं, "खरडू का?"

"खरड," तो म्हणाला. "पन पयले पाया पड."

मी पडलो. सगळ्यायसमोर मोटारीच्या पाया पडलो अन् खरडायले बसलो. अर्धा तास गेला. दांडी लोण्यासारखी सरकू लागली. कमान टुणकन मागं येऊ लागली. मी उठलो, हात झटकले, घाटाकडं वळून म्हटलं, "आता ऐका मामाले." दिला हिसका.

फर्रर्रर्रर्र!

कोणी हसलं नाही. दोर ताणून कडकडू लागले. मी मोटार बंद केली. अनुसयाबाई टोपल्यायवर ओला फडका झाकत होती. तिनं मागं न पाहता विचारलं, "झालं काय रे बावा?"

तवा कुठं मी आवाज करायचं सोडून ऐकायले बसलो. पुन्हा मोटार चालू केली, डोळे मिटले. घशात उन्हाळ्यातला मामा काढला, मनातल्या मनात, अन् कानात ही. दोन्ही शेजारी ठेवले. फर्रर्रच्या मागं एक बारीक सुस्कारा होता. स्स्स्स्. मामाले तो नव्हता. दातातून कोणी हवा ओढते तसा. म्हणजे हवा झडपेतून जातच नव्हती. ती दुसरीकडून चोरून आत शिरून राहिली होती, अन् चोरून शिरलेल्या हवेले कोणता स्क्रू अडवणार?

याची परीक्षा सोपी आहे. चालू इंजिनच्या एकेका सांध्यावर तेलाचा थेंब टाकत जायचं. जिथं फट असन तिथं तेल आत ओढल्या जाते, फट क्षणभर बुजते अन् इंजिनचा आवाज खाली येते. मी इकडं टाकला, काही नाही. तिकडं टाकला, काही नाही. कारबुरेटरच्या सांध्यावर टाकला अन् फर्रर्रचं पुट् पुट् पुट् झालं! दोन दम, अन् पुन्हा फर्रर्र. पुन्हा थेंब टाकला, पुन्हा मामा! घाटावरचे लोक ओरडले. मी नाही ओरडलो. त्या सांध्यात काय आहे ते माह्याशिवाय कोणाले माहीत होतं?

दोन नट काढले. आतून पॅकिंग निघालं. भिजून, वाळून, पुन्हा भिजून त्याच्या कडा चुरमडल्या होत्या, अन् एका बाजूनं करंगळीएवढा तुकडा गायब. मी मूठ मिटली.

सुदाम जवळ आला. "काय भेटलं?"

खोटं नाही सांगत, तोंडात आलं होतं, "शेंदूरच आत गेला होता." कोणी खोलून पाहणार नव्हतं. पण त्याची मान अजून खालीच होती. मी मूठ उघडली.

हसनभाईनं तुकडा उचलला, उन्हात धरला अन् मोठ्यानं वाचला, "आमचे येथे श्रीकृपेकरून... चिरंजीव वासुदेव..." मंग माह्याकडं पाहून म्हणे, "अबे, ये तो तेरी शादी है!"

म्हटलं, "होय. पॅकिंग मी कापलं होतं. शेंदरानं दांडी अडली होती, पण नाव उधळली ती या कागदानं. ते दोन टोपलेही यानंच गेले. सुदामदादा, चुकलो."

मले वाटलं आता पूर्णेत टाकतात. पण अनुसयाबाई उठून आली अन् म्हणे, "रडायचं ते मंग रड. तिथं काय लागते ते सांग."

"पातळ कातडं, काकू. तेल पिलेलं, मऊ."

बाई गेली ती पळतच गेली. आली तवा तिच्या खांद्यावर मोटेची सोंड! ज्यांच्याकडं विहिरीवर मोट चालते त्यायले माहीत आहे, मोटेले खाली एक लांब कातड्याची नळी असते, तिच्यातून पाणी पाटात पडते. तीच सोंड. पावसाळ्यात मोट बंद, म्हणून एरंडेल पाजून टांगून ठेवलेली. हातात घेतली तर लोण्यावानी मऊ.

"काकू, कापली तर मोट गळेन."

"मोट गयली तं शिवता येते. काप."

मी कापली. काठाचा एक तळहाताएवढा तुकडा. सांध्यावर ठेवला, हातोडीनं ठोकला, कडा उमटल्या, भोकं पाडली. नट आवळले. स्क्रू उन्हाळ्यात होता तसा दीड फेऱ्यावर आणला. दोरी गुंडाळली अन् थांबलो.

सुदामनं कमरेची शेंदराची पुडी काढली. मले वाटलं मोटारीले लावते. त्यानं बोट बुडवलं अन् माह्या कपाळाले लावलं. म्हणे, "आता तूही जरा हयू चाल."

दिला हिसका.

पुट्...

पुट्... पुट्... पुट्...

काय सांगू बावा! घाट असा ओरडला का पलीकडच्या बाभळीवरचे बगळे उडाले. मी नावेत नाचलो, नाव हलली, हसनभाईनं मले कॉलर धरून खाली बसवलं. दोर सोडले तरी नाव जागची हलेना, नुसती काठाशी डुलत राहिली. दहा दहा टोपले करून चार खेपा झाल्या. शेवटच्या खेपेत आठ टोपले होते, दोनची जागा रिकामी. तिथं मी बसलो.

दसऱ्याच्या सकाळी हिले घेऊन बाजारात गेलो. एका ठिकाणी ही गर्दी! लोक हसून राहिले होते. मधात अनुसयाबाई. एका हातानं झेंडू तोलून राहिली होती अन् गिऱ्हाईकायले सांगून राहिली होती, "फूल मोटारीनं आलं बाप्पा, पूर्णेवरून! ते पयले कशी चाले? फर्रर्रर्र! मंग तो भोंगा आला, असं बोट वर करून, शेंदूर! शेंदूर! शेंदूर!" हुबेहूब मी. माही मान, माहं बोट, माहा किडका दातसुद्धा. आमची ही हसून हसून खाली बसली. "अन् मंग कशी चालली? पुट् पुट् पुट् पुट्..."

माह्यानं राहवलं नाही. मागून म्हटलं, "काकू, चाल थोडी जास्त होऊन राहिली. आणखी हळू."

बाईनं मान वळवून पाह्यलं. टोपल्यातलं एक मोठं फूल उचलून हिच्या हातात दिलं अन् मले म्हणे, "मंग माह्या गयाचं पॅकिंग बदलून दे. पन लग्नपत्रिका नोको लावू."